घळीतले पाणी आणि कॅमेऱ्यातला उजेड

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात हेदवी नावाचे एक गाव आहे. दशभुज गणपतीच्या देवळामुळे ते पुष्कळांना ठाऊक असते. पण गावाच्या समुद्रकिनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळाजवळ, निसर्गाने केलेली एक वेगळीच करामत आहे. काळ्या कातळात एक लांब, निरुंद आणि खोल चीर पडलेली आहे. तिचे एक टोक समुद्राकडे उघडे आहे. भरतीच्या वेळी लाट या चिरेत घुसते, आतल्या टोकावर आपटते आणि पाण्याचा पांढराशुभ्र लोट तोफेसारखा आवाज करीत उंच उडतो. या जागेला बामणघळ म्हणतात. फार पूर्वी एक ब्राह्मण हिच्यात पडला, म्हणून हे नाव पडले, असे गावचे लोक सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातला इशारा मात्र खरा आहे.

अशा जागेचे छायाचित्र घ्यावे असे कोणाला वाटणार नाही? मलाही वाटले. फिल्मचे कॅमेरे वापरात होते तेव्हाची गोष्ट. मे महिन्यातली अमावास्या होती. संध्याकाळी पावणेसातला मी घळीच्या तोंडाशी, समुद्राच्या बाजूच्या खडकावर तिपाई रोवली, कॅमेरा चढवला आणि समुद्राकडे पाठ करून घळीच्या आत पाहू लागलो. पाणी बरेच खाली होते. मावळतीचा तांबूस उजेड थेट आत शिरत होता. आता कळ दाबायची, एवढ्यात वरच्या खडकावरून हाक आली, "अरे बाबा, दर्याकडे पाठ करून काय उभा राहतोस? आधी इकडे वर ये बघू!"

दिवसभर कालवे काढून घरी निघालेली एक आजी होती ती. मनातून मला तिचा रागच आला. पण तिच्या वयाचा मान राखून मी चार पावले वर चढलो, आणि त्याच क्षणी मघापासून आलेल्या लाटांपेक्षा पुष्कळ मोठी लाट खडकावर चढली. ती ओसरली तेव्हा खडक रिकामा होता. तिपाई, कॅमेरा आणि आतली छत्तीस चित्रांची फिल्म घळीत गेली होती. मी वाचलो, तो माझ्या शहाणपणामुळे नव्हे.

माझे काय चुकले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. चुका सगळ्या हिशेबाच्या होत्या, आणि हिशेब सगळे शाळेत शिकवलेल्या विज्ञानाचे होते. तेच आज आपण एकेक करून पाहू.

घळ आणि गुहा कशी तयार होते?

कोकणचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा थरावर थर पसरला आणि थंड होऊन त्याचा हा दगड झाला. थंड होताना पदार्थ आकसतो. चिखल वाळला की त्याला भेगा पडतात, तशाच लाव्ह्यालाही पडल्या. काही ठिकाणी या भेगा इतक्या नियमित असतात की दगडाचे षट्कोनी खांब तयार होतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेला स्टाफा नावाचे बेट आहे. तिथली सुप्रसिद्ध फिंगलची गुहा अशाच बेसाल्टच्या खांबांत समुद्राने कोरलेली आहे. ती सुमारे ७० मीटर आत जाते. जोसेफ बँक्स या निसर्गशास्त्रज्ञाने १७७२ मध्ये तिची माहिती जगापुढे आणली, आणि १८२९ मध्ये तिथे गेलेल्या मेंडेल्सोन या संगीतकाराला त्या प्रवासातून एक अजरामर रचना सुचली.

भेग म्हणजे कातळाचे दुबळे अंग. समुद्र नेमका तिथेच घाव घालतो. तो तीन हत्यारे वापरतो.

पहिले हत्यार हवा. लाट भेगेच्या तोंडावर आदळली की आतली हवा कोंडली जाते. बॉइलचा नियम तुम्हांला ठाऊक आहे. तापमान तेच राहिले तर हवेचे घनफळ निम्मे झाले की तिचा दाब दुप्पट होतो. ही दाबलेली हवा पाचरीसारखी भेग फाकवते. लाट मागे हटली की दाब एकदम उतरतो आणि सैल झालेले दगडाचे तुकडे बाहेर ओढले जातात. दर दहा सेकंदांना एक लाट धरली तर दिवसाकाठी असे ८,६४० ठोके होतात. ही छिन्नी किती हजार वर्षे चालू आहे याचा विचार करा!

दुसरे हत्यार म्हणजे लाटेबरोबर आत येणारे गोटे आणि वाळू. ते भिंतींना सतत घासतात. तिसरे मीठ. भेगेतले खारे पाणी सुकले की मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण सुटे करतात.

असे होता होता भेगेची गुहा होते. गुहेचे छत कोसळले की उघडी घळ उरते. छताला फक्त एक भोक पडले तर भरतीला त्यातून कारंजे उडते. चिंचोळ्या सुळक्याच्या दोन्ही अंगांनी कोरलेल्या गुहा एकमेकींना मिळाल्या की कमान तयार होते आणि कमान पडली की समुद्रात एकटा खांब उभा राहतो. म्हणून समुद्रगुहा ही कायमची वस्तू नव्हे. ती चालू असलेल्या एका क्रियेतली एक पायरी आहे. आपण तिथे उभे असतो तेव्हाही हातोडा चालूच असतो.

भरतीचा हिशेब

माझी पहिली चूक भरतीची. कोकणच्या किनाऱ्यावर दिवसातून साधारणपणे दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सुमारे सहा तास बारा मिनिटे जातात. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे पडते.

जुने लोक यासाठी एक सोपे गणित सांगतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण म्हणजे ३. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती असणार. गणित अगदी काटेकोर नाही. पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटे, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तिथीमागे तीन मिनिटांची चूक साठत जाऊन पौर्णिमेला ती पाऊण तासावर जाते. शिवाय हे गणित मुंबईच्या आसपास चांगले जुळते. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. म्हणून अंदाजाला तिथी आणि खात्रीला भरतीचे छापील कोष्टक, हे ध्यानात ठेवा.

आता या गणितातली गंमत पाहा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते आणि उधाणाची मोठी भरती होते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, ती लहान. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते. याचाच अर्थ असा की उधाणाची ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे येते. छायाचित्राला उत्तम असा तिरपा, कोवळा उजेडही नेमका याच वेळी असतो. गुहा उघडी, तळ कोरडा आणि उजेड सुंदर! मोह होतो तो इथेच.

पण संध्याकाळची ओहोटी आणि सकाळची ओहोटी यांत एक महत्त्वाचा फरक आहे. सकाळी पाणी चढू लागते तेव्हा उजेडही वाढत असतो. संध्याकाळी पाणी चढू लागते तेव्हा उजेड जात असतो. आपण छायाचित्रासाठी मावळतीची वाट पाहत थांबतो आणि तोवर भरतीने पाय टाकलेला असतो.

हा पाय कसा पडतो तेही पाहू. समजा, ओहोटी आणि भरती यांच्या पातळ्यांत २.४ मीटरचा फरक आहे. पाणी दर तासाला सारखे चढत नाही. खलाशी लोक फरकाचे बारा भाग करतात. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. आपल्या उदाहरणात एक भाग म्हणजे २० सेंटीमीटर. मग पहिल्या तासात पाणी फक्त २० सेंटीमीटर चढते. लाटांच्या गडबडीत ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. दुसऱ्या तासात ४० आणि तिसऱ्या तासात ६०. म्हणजे तीन तासांत १ मीटर २० सेंटीमीटर. पहिल्या तासावरून पुढचा अंदाज बांधणारा माणूस इथेच फसतो. मीही त्या दिवशी "पाणी अजून खालीच आहे" असे म्हणत होतो. प्रत्यक्षात ओहोटी सव्वापाच-साडेपाचलाच संपली होती.

यावरून नियम असा निघतो. खडकावर उतरायचे ते पाणी उतरत असताना, आणि परत फिरायचे ते ओहोटी पुरी होण्याआधी.

लाटांचा हिशेब

माझी दुसरी चूक लाटांची. मी दहा मिनिटे लाटा पाहिल्या आणि समुद्र शांत आहे असे ठरवले. पण सगळ्या लाटा सारख्या नसतात. समुद्रशास्त्रज्ञ लाटांची उंची सांगताना सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी घेतात. सरावलेला मच्छीमार डोळ्यांनी जी उंची सांगतो तीही साधारण तेवढीच असते. आता एखाद्या दिवशी ही उंची १ मीटर असेल आणि दर दहा सेकंदांना एक लाट येत असेल, तर अर्ध्या तासात १८० लाटा येतील. त्यांतली सर्वांत मोठी सुमारे १.६ मीटरची असेल. पण तीन तासांत १,०८० लाटा येतील आणि त्यांतली सर्वांत मोठी सुमारे १.९ मीटरची, म्हणजे जवळजवळ दुप्पट असेल. ती केव्हा येईल हे कोणीच सांगू शकत नाही. ती पहिलीही असू शकते आणि शेवटचीही.

लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट. त्यात ही लाट निरुंद घळीत शिरली की तेच पाणी कमी जागेत कोंबले जाते आणि आणखी वर चढते. म्हणून उघड्या किनाऱ्यावर कमरेएवढी दिसणारी लाट घळीत डोक्यावरून जाऊ शकते.

शिवाय लाटा इथल्याच वाऱ्याने उठतात असेही नाही. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेकडे वादळ झाले तर तिथल्या लाटा हजारो किलोमीटरचा प्रवास करून, वारा नसताना, निरभ्र आकाशाखाली आपल्या किनाऱ्यावर येतात. केरळचे मच्छीमार याला 'कळ्ळक्कडल' म्हणतात. कळ्ळक्कडल म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. पावसाळ्याच्या आधीचे दिवस यासाठी विशेष प्रसिद्ध आहेत. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अशा लाटांची सूचना आधी देते. किनाऱ्यावर जाण्यापूर्वी ती पाहावी. आकाश शांत आहे म्हणून समुद्र शांत आहे असे समजू नये.

पाण्याचा जोर

"लाट आली तर घट्ट उभा राहीन," असे कोणी म्हणेल. त्याच्यासाठी हे गणित.

वाहते पाणी एखाद्या वस्तूवर जो जोर लावते तो वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान सुमारे १,०२५ किलोग्रॅम. खडकावरून परतणाऱ्या लाटेचा वेग सेकंदाला ३ मीटर धरा. वेगाचा वर्ग ९. त्याला १,०२५ ने गुणून निम्मे केले की दर चौरस मीटरवर सुमारे ४,६०० न्यूटन एवढा जोर येतो. पाणी अर्धा मीटर खोल असेल आणि दोन्ही पायांची मिळून रुंदी ३० सेंटीमीटर असेल, तर पाण्याला अडवणारे क्षेत्र ०.१५ चौरस मीटर. म्हणजे एकूण जोर सुमारे ६९० न्यूटन. ७० किलोचे ओझे आडवे ओढावे एवढा!

आणि आपल्याकडे काय आहे? ५० किलो वजनाच्या मुलाचे पाय ओल्या शेवाळावर असतील तर घर्षण वजनाच्या एकपंचमांश धरू. म्हणजे १० किलोचा जोर. सत्तर विरुद्ध दहा. ही कुस्ती सुरू होण्याआधीच निकाली निघालेली असते. पाणी गुडघ्याच्या थोडे वर आहे, एवढ्याने माणूस सुरक्षित नसतो.

म्हणून कातळाचा रंग वाचायला शिका. जिथे हिरवे शेवाळ आहे किंवा खडकाला कालवे आणि बारीक पांढरी कवचे चिकटलेली आहेत, तिथे समुद्र रोज येतो. जिथे कातळ काळा आणि ओला आहे, तिथे आजच लाट पोचलेली आहे. आपली जागा या सर्वांच्या पुष्कळ वर, कोरड्या कातळावर. कॅमेरा त्या रेषेच्या खाली न्यायचा नाही.

उजेडाचा हिशेब

आता कॅमेऱ्याकडे वळू. गुहेचे चित्र घेणे अवघड का, याचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर 'तफावत'. बाहेर लख्ख ऊन, आत काळोख. आपला डोळा इकडून तिकडे वळताना बाहुली लहानमोठी करून सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला एकाच क्षणी दोन्ही टिपायचे असतात.

छायाचित्रकारांचा एक जुना नियम आहे. भर उन्हात छिद्राचा एफ-क्रमांक १६ ठेवला तर झडप उघडी ठेवण्याचा काळ हा 'एक भागिले फिल्मची गती' इतका असावा. गती १०० असेल तर सुमारे सेकंदाचा १२५ वा भाग. एफ-क्रमांक ८ केला तर छिद्राचे क्षेत्रफळ चौपट होते, म्हणून काळ एकचतुर्थांश, म्हणजे सेकंदाचा ५०० वा भाग पुरतो.

गुहेच्या आतल्या टोकाला बाहेरच्या हजारावा भाग उजेड असेल असे धरा. हजार म्हणजे जवळजवळ दोनाचा दहावा घात, कारण १ ला २ ने दहा वेळा गुणले की १,०२४ येतात. छायाचित्रकार म्हणतात, दहा 'स्टॉप'चा फरक. मग सेकंदाच्या ५०० व्या भागाऐवजी हजारपट, म्हणजे दोन सेकंद लागतील. दोन सेकंद झडप उघडी ठेवली तर आतला कातळ नीट येईल, पण गुहेचे तोंड पांढरेफटक होईल. बाहेरच्या हिशेबाने घेतले तर तोंडाबाहेरचा समुद्र सुरेख येईल आणि आतला भाग काळा शाईसारखा दिसेल.

यातून वाटा काढता येतात. एक, ऊन थेट पडत नसेल अशी वेळ निवडावी. कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळी कडे सावलीत असतात आणि तफावत कमी होते. दोन, काळोख काळोखच राहू द्यावा आणि गुहेच्या तोंडाची काळी चौकट करून बाहेरचा समुद्र टिपावा. तीन, तिपाईवरून वेगवेगळ्या काळाची तीन-चार चित्रे घेऊन ती जुळवावीत. हल्ली मोबाइलमधला कॅमेरा हेच काम आपण होऊन करतो. मात्र लाटा हलत असल्यामुळे जुळणीत कधी कधी पाण्याच्या भुतासारख्या दुहेरी आकृती उमटतात.

चौथी वाट फ्लॅशची. पण प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मंदावतो. २ मीटरवर जेवढा उजेड पडतो त्याचा पंचविसावा भाग १० मीटरवर पडतो. म्हणून लहान फ्लॅश मोठ्या गुहेत निरुपयोगी ठरतो. जवळचे तुषार तेवढे पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात. वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रात खडकाळ बेटे आहेत. तिथल्या गुहेत पाकोळ्यांची वसाहत आहे. अशा ठिकाणी तर फ्लॅश मुळीच वापरू नये. घरट्यावर बसलेला पक्षी उडाला की अंडी आणि पिले धोक्यात येतात.

काळोखात चित्र घेण्याचा हा खटाटोप जुना आहे. १८६१ च्या सुमारास नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसच्या भुयारांत विजेच्या दिव्यावर चित्रे घेतली. एकेका चित्राला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे. इतका वेळ माणूस निश्चल कसा राहणार? म्हणून त्याने माणसांच्या जागी कपडे घातलेले पुतळे उभे केले! समुद्र मात्र कोणासाठी पुतळा होत नाही.

लोटाचा क्षण

घळीतून उडणारे पाणी टिपायचे आहे. झडपेचा वेग किती ठेवावा?

समजा, लोट ५ मीटर उंच उडतो. वर फेकलेला चेंडू आणि वर उडालेला थेंब यांना गुरुत्वाचा एकच नियम लागू आहे. ५ मीटर वर जायला सुरुवातीचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर हवा. सेकंदाच्या ३० व्या भागात तो थेंब ३३ सेंटीमीटर सरकेल आणि चित्रात पांढरी रेघ उमटेल. सेकंदाच्या ५०० व्या भागात तो फक्त २ सेंटीमीटर सरकेल आणि थेंब वेगळा दिसेल.

पण याहून सोपी युक्ती आहे. वर जाताना थेंबाचा वेग कमी होत जातो आणि शेंड्याला पोचल्यावर क्षणभर शून्य होतो. त्या क्षणी कळ दाबली तर कमी वेगाची झडपही चालते. ५ मीटरच्या लोटाला शेंड्यावर पोचायला एक सेकंद लागतो. 'धडाड' आवाज झाला की मनात "एक हजार एक" म्हणा आणि कळ दाबा. लोट तुमच्यासाठी थांबलेला असेल.

चित्र कशासाठी?

एवढा खटाटोप केवळ शोभेसाठी नसतो. माल्टा देशातल्या गोझो बेटावर 'अझूर विंडो' नावाची चुनखडकाची भव्य कमान समुद्रात उभी होती. ८ मार्च २०१७ रोजी वादळी लाटांत ती कोसळली. गालापागोस बेटांजवळची 'डार्विनची कमान' १७ मे २०२१ रोजी पडली. आज त्या कमानींचे मोजमाप करायचे तर छायाचित्रांचाच आधार आहे. एकाच जागेवरून, त्याच दिशेने, दर वर्षी घेतलेले चित्र म्हणजे कातळाच्या झिजेची नोंदवहीच.

म्हणून चित्राबरोबर चार गोष्टी लिहून ठेवा. तारीख आणि वेळ, भरतीची स्थिती, उभे राहण्याची जागा आणि चित्रात ओळखीच्या मापाची एखादी वस्तू. मापाशिवाय गुहा उंदराच्या बिळाएवढी आहे की देवळाएवढी, हे कळत नाही. मापासाठी माणूस उभा करायचा असेल तर तोही कोरड्या कातळावरच.

करून पाहा

१. शाळेच्या मैदानावर एक मीटरची पट्टी उभी धरून १० मीटर अंतरावरून मोबाइलने तिचे चित्र घ्या. भिंग लांबजवळ करू नका. चित्राच्या उंचीचा कितवा भाग पट्टीने व्यापला ते मोजा. समजा तो दहावा भाग आला, तर १० मीटरवर तुमच्या चित्रात १० मीटरची उंची मावते, २० मीटरवर २० मीटरची. आता शाळेची इमारत किती उंच आहे ते चित्रावरून काढा आणि दोरीने मोजून पडताळा घ्या.

२. पाण्याने भरलेल्या बाटलीच्या बुचाला भोक पाडा, बाटली एकदम दाबा आणि उडणाऱ्या धारेचे चलत्चित्र घ्या. बहुधा त्यात दर सेकंदाला ३० चित्रे असतात. पाणी शेंड्यावर पोचेपर्यंत किती चित्रे झाली ते मोजून वेळ काढा. वेळेच्या वर्गाला ४.९ ने गुणले की उंची मीटरमध्ये मिळेल. १५ चित्रे म्हणजे अर्धा सेकंद, आणि उंची सुमारे १.२ मीटर. हीच रीत वापरून घळीतल्या लोटाची उंची दूर, वरच्या कातळावर बसून मोजता येते. जवळ जाण्याची गरजच नाही.

३. आजची तिथी पाहून भरतीची वेळ काढा आणि कोष्टकाशी ताडून पाहा. पंधरा दिवस नोंद ठेवा. फरक कोणत्या तिथींना जास्त येतो?

शेवटी

पुढच्या वर्षी मी पुन्हा हेदवीला गेलो. या वेळी कोष्टक पाहून गेलो, वडीलधारे दोघे बरोबर घेतले आणि लांब पल्ल्याचे भिंग लावून वरच्या कोरड्या कातळावर बसलो. एकजण चित्र घेत असताना दुसऱ्याने फक्त समुद्राकडे पाहायचे, असे ठरवून घेतले. भरती दुपारची होती, ऊन कडक होते आणि चित्र काही पहिल्या दिवशी मनात होते तसे तांबूस, सुंदर आले नाही. लोट मात्र स्पष्ट आला, आणि कडेला उभ्या असलेल्या माणसावरून त्याची उंचीही मोजता आली.

कालवेवाल्या आजीने भौतिकशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नसेल. पण भरतीचे बारा भाग, हजारातली एक लाट आणि शेवाळावरचे घर्षण हे सगळे तिच्या एका वाक्यात होते. तुम्ही कोकणच्या किनाऱ्यावर जाल तेव्हा घळ जरूर पाहा, चित्रही घ्या. त्याआधी गावातल्या कोणा जाणत्या माणसाला विचारा. आणि दर्याकडे पाठ करू नका.